चौदा मिनिटांचं गाडं कुठे अडलं?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोजागिरीचं मसाला दूध पिऊन झालेलं असेल आणि 'प्रयोगशाळेच्या खिडकीतून' हे सदर नेहमीप्रमाणे जरा फिकं छापलेलं असेल. (झेरॉक्सच्या टोनरबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे आणू नयेत. मी केमिस्ट आहे हे खरं, पण टोनर हा माझा विषय नाही.) मागच्या अंकात प्रेशर कुकरचं विज्ञान पुढे चालू ठेवीन असं म्हटलं होतं. ते आता डिसेंबरात. कारण गणपतीत आरतीच्या रांगेत, ताटं वाढताना, पार्किंगमध्येसुद्धा निदान वीस जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "अगं, त्या सिनेमाचं काय झालं? जूनमध्ये शूटिंग झालं ना?"

झालं. शूटिंग झालं आणि तिथेच गाडं अडलं.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकलेली एक मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. (तिचं नाव छापू नको असं तिनेच सांगितलंय.) ती एक लघुपट करते आहे. चौदा मिनिटांचा. गोष्ट आपल्यातल्याच एका आजींची, आणि काम करणाऱ्याही त्याच आजी. मागच्या खेपेला मुलाकडे आल्या असताना त्या दुपारी एकट्या फिरायला निघाल्या आणि हरवल्या. सगळी घरं एकसारखी, सगळ्या गराजची दारं पांढरी, आणि रस्त्यावर विचारायला माणूस नाही. दीड तासाने पोस्टमन भेटला. आजींना पत्ता सांगता येईना, पण आडनाव सांगता आलं. रोज त्या आडनावाची पत्रं टाकणाऱ्या त्या माणसाला घर बरोबर ठाऊक होतं. एवढीच गोष्ट.

शूटिंगला चार दिवस लागले. कॅमेरा, दिवे, ध्वनिमुद्रण करणारा मुलगा, विमा आणि सगळ्यांचं जेवणखाण मिळून ६,२०० डॉलर गेले. दोन वर्षांच्या नोकरीतली तिची सगळी शिल्लक. हाताशी उरले ४००. जुलैत तिने काँप्युटरवर सगळे तुकडे जोडून मला दाखवले. मी म्हटलं, "झाला की सिनेमा!" ती म्हणाली, "ताई, झाला नाही. फक्त दिसतोय."

हे मला दोन मिनिटांत कळलं, कारण माझ्या धंद्यात रोज हेच होतं. फ्लास्कमधली रिअॅक्शन तीन तासांत पुरी होते. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण हवा तो पदार्थ त्या काळ्या लगद्यात कुठेतरी असतो. तो धुवायचा, गाळायचा, सिलिकाच्या कॉलममधून थेंब थेंब काढायचा, वाळवायचा. त्यात दोन दिवस जातात आणि सॉल्व्हंटचा अर्धा ड्रम. त्या कामाचा फोटो कोणी काढत नाही. ग्रँटच्या अर्जातही त्यावर एकच ओळ असते.

सिनेमाचं तसंच. रॉबर्ट रॉड्रिगेझ या टेक्सासच्या मुलाने 'एल मारियाची' हा पूर्ण लांबीचा चित्रपट सुमारे ७,००० डॉलरमध्ये काढला, ही गोष्ट १९९२ पासून सगळे उत्साहाने सांगतात. त्यातला काही पैसा त्याने एका औषधाच्या चाचणीत स्वतःचं शरीर देऊन मिळवला होता. (आमच्या धंद्याचा कलेला एवढाच हातभार.) पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. तो चित्रपट कोलंबिया पिक्चर्सने घेतला आणि थिएटरात लावण्याजोगा करायला, म्हणजे आवाज नीट करून मोठ्या फिल्मवर उतरवायला, त्या ७,००० च्या कितीतरी पट खर्च केला. काढणं स्वस्त होतं, पुरं करणं महाग.

आमच्या मुलीचा हिशेब तिने वहीच्या एका पानावर लिहून आणला. आवाजाचं मिक्सिंग १,८०० डॉलर. रंग सारखे करणं ७००, कारण सकाळचं स्वयंपाकघर एका शॉटमध्ये पिवळं आणि दुसऱ्यात निळं दिसतं. पार्श्वसंगीत ६००. काही संवाद पुन्हा मुद्रित करायचे ३००. थिएटरच्या प्रोजेक्टरला चालेल अशी डिजिटल प्रत ३५०. दहा फेस्टिव्हलांच्या प्रवेश फिया मिळून ४५०. एकूण ४,२००. इंग्रजी सबटायटल्स घरीच करायची, त्याचे शून्य.

"संवाद पुन्हा का?" असं आमच्या खजिनदारांनी लगेच विचारलं. ते उत्तर जरा सविस्तर देते, कारण सगळी घाई त्यामुळेच आहे.

सिनेमात आजी भाजी चिरता चिरता साताऱ्याच्या बहिणीशी फोनवर बोलतात. मागे टेपवर एक जुनं भावगीत चालू आहे. प्रसंग फार सुंदर उतरला. पण गाणं आहे म्हटल्यावर त्याचे हक्क आले, आणि ते एक नसून दोन. शब्द आणि चाल यांचा एक, त्या मुद्रणाचा दुसरा. दोघांची परवानगी वेगवेगळी, पैसेही वेगवेगळे. "जुनं गाणं आहे, कोण विचारतंय" असं आपल्यातले बरेच जण म्हणाले. मात्र भारतातल्या कायद्याप्रमाणे गीताचे हक्क कवी गेल्यानंतरही ६० वर्षं राहतात, आणि फेस्टिव्हलवाले अर्जातच सही घेतात की सगळे हक्क तुमच्यापाशी आहेत म्हणून. खोटी सही करायला ती तयार नव्हती. पत्रं लिहिली. एका ठिकाणाहून उत्तर आलं, ते तिच्या सगळ्या बजेटाहून मोठं होतं. दुसरीकडून अजून आलेलं नाही.

मग गाणं काढायचं. पण टेप शूटिंगच्या वेळी खरोखरच चालू होती, त्यामुळे गाणं आणि आजींचा आवाज एकाच मायक्रोफोनमध्ये मिसळलेत. साखर पाण्यात विरघळल्यावर चिमट्याने काढता येत नाही, तसं. एकच उपाय : आजींनी तेच शब्द पुन्हा बोलायचे, ओठांशी जुळवून. आणि आजी मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आलेल्या. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर पाचव्या दिवशी त्यांचं परतीचं तिकीट आहे. गुडघ्यांमुळे पुन्हा येणार नाही असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५२ मध्ये सुरू झाला आणि १९५५ मध्ये पुरा झाला. पैसे संपले की काम थांबायचं. विम्याची पॉलिसी, ग्रामोफोनच्या तबकड्या, पत्नीचे दागिने, सगळं वाटेला लागलं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, तेही रस्तेसुधारणेच्या खात्यातून, अशी त्या प्रकरणाची नोंद आहे. पण त्या अडीच वर्षांत राय यांना खरी धास्ती होती ती म्हाताऱ्या आत्याचं काम करणाऱ्या चुनीबाला देवींची. त्या ऐंशीच्या घरातल्या. काम पुरं होईपर्यंत त्या राहिल्या, चित्रपट लागण्यापूर्वी मात्र गेल्या. आमच्या आजी ठणठणीत आहेत, नजर लागू नये. पण तिकीट हे तिकीट आहे.

असो. तर पैसे.

ऑगस्टच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. पहिली प्रतिक्रिया, "सिनेमाला वर्गणी? हे कधी ऐकलं नाही बाई." मी म्हटलं, ऐकलंय. १९७६ चा 'मंथन' आठवा. गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा चित्रपट उभा राहिला. पटकथा आपल्या तेंडुलकरांची, त्यात आपली स्मिता पाटील. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. आणि मुळात फाळक्यांपासून काय वेगळं होतं? विलायतेला जायला विम्याच्या पॉलिसीवर कर्ज. परत येऊन कॅमेरा आहे पण भांडवल नाही. तेव्हा त्या माणसाने कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी टिपत मिनिटभराची फिल्म केली. १९१२ ची गोष्ट. ती पाहून सावकार तयार झाला. एक लघुपटच म्हणा की, आणि तो पैसे उभे करण्यासाठी काढलेला! पुढे 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये लागला, त्यामागे सरस्वतीबाईंचे दागिने होते. आणि नुसते दागिने नव्हेत. फिल्मला भोकं पाडणं, ती धुवायची रसायनं कालवणं हेही त्या करत. मी तर त्यांना आमच्या धंद्यातल्याच समजते.

भाषण बरं झालं असावं. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी पास झाला, ५०० डॉलर. विरोधातल्या चौघांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांचं म्हणणं होतं की मंडळाचे पैसे सगळ्यांचे, आज सिनेमा, उद्या कोणाचा गाण्याचा अल्बम. मुद्दा चुकीचा नाही.

खजिनदारांनी एक गोष्ट पक्की करून घेतली, ती तुम्हालाही ठाऊक असावी. आपलं मंडळ ५०१(सी)(३) आहे. मंडळाला दिलेली देणगी मंडळाच्या उद्देशाला धरून, मंडळाच्या ताब्यात आणि मंडळाच्याच निर्णयाने खर्च व्हावी लागते. "हे पैसे अमक्या मुलीला द्या" या अटीवर दिले, तर ती त्या मुलीला दिलेली भेट होते, करातून वजा होत नाही. म्हणून हा लघुपट मंडळाचा उपक्रम म्हणून नोंदवलाय. बिलं मंडळाकडे येतात, चेक मंडळ काढतं. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पावती लागतेच, आपण दहा डॉलरलाही देतो आहोत.

एका काकांनी उत्साहाने सुचवलं, "देणगी कसली, आम्ही भागीदार होतो. नफ्यात टक्केवारी द्या." काका, चौदा मिनिटांच्या सिनेमात नफा नसतो. आणि नफ्यात वाटा कबूल केला की ती देणगी राहत नाही, गुंतवणूक होते. मग तिला सिक्युरिटीजचे कायदे लागतात, आणि त्या वकिलाच्या फीमध्ये आपले दोन सिनेमे होतील.

तरुण मंडळी म्हणाली, किकस्टार्टरवर टाका. २००९ पासून तिथे कितीतरी सिनेमांना पैसे मिळालेत. पण तिथला नियम असा की ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तर सगळी मिळते, नाही तर छदामही नाही. शिवाय जमलेल्यातले ५ टक्के त्यांचे, वर कार्डाचा खर्च. अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर ते ठीकच. आमचे देणारे म्हणजे तुम्हीच! मंदिराच्या पार्किंगमध्ये भेटणाऱ्या माणसाकडून वीस डॉलर घ्यायला मध्ये कंपनी कशाला?

तेव्हा आपण आपला मार्ग धरला. सप्टेंबरात मिसळीचा रविवार केला. ८६ प्लेटी, प्लेट १२ डॉलर, जमा १,०३२. पाव, फरसाण, मटकी आणि हॉलमध्ये फुटलेला एक मोठा डबा धरून खर्च ३१०. उरले ७२२. तर्रीबद्दल दोन मतं ऐकू आली, ती मी सदराच्या बाहेर ठेवते. पाकिटांतून आणि चेकने ६१ घरांनी मिळून १,३८५ दिले. त्यात एका पाकिटात सुटे चार डॉलर आणि "माझ्या पॉकेटमनीतून" अशी मराठीत लिहिलेली चिठ्ठी होती. 'मनी'ची वेलांटी ऱ्हस्व होती, पण मी शाळेत तक्रार करणार नाही.

आता मला जे लिहायला जड जातंय ते.

एका गृहस्थांनी २,००० डॉलर देऊ केले. एकरकमी. त्यांनी कच्चा सिनेमा पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. फक्त शेवट बदला. मुलगा ऑफिसातून धावत येतो, आईला मिठी मारतो, सगळे जेवायला बसतात. आपण आई-वडिलांना घरात एकटं टाकतो असं चित्र अमेरिकन लोकांपुढे कशाला?" ते चांगले गृहस्थ आहेत, मंडळाला वर्षानुवर्षं देत आलेत. त्यांचं बोलणं ऐकून मी मनातल्या मनात बेरीज केली. हे २,००० धरले की सगळा प्रश्न मिटत होता, वर उरतही होते. खरं सांगते, तिने हो म्हणावं असं मला वाटलं. तसं मी बोललेसुद्धा. "एकच तर सीन आहे," मी म्हटलं.

तिने दोन दिवस मागितले आणि आजींकडे गेली. आजींनी आधी विचारलं, "म्हणजे मला परत चालायला लावणार का? माझे गुडघे बघ." मग म्हणाल्या, "मी हरवले तेव्हा मुलगा नव्हता गं आला. तो ऑफिसात होता, त्याला माहीतच नव्हतं. त्यात त्याची काय चूक? पोस्टमन आला. त्या पोस्टमनला कशाला काढता?"

दोन हजार परत गेले. म्हणजे आलेच नाहीत.

त्या रात्री मी फोनचा प्रसंग पुन्हा लावला, कारण शब्द लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. आजींना संवाद लिहून दिले नव्हते, त्या आपल्या मनाने बोलल्या होत्या. आता ओठ जुळवायचे तर नेमकं काय बोलल्या ते अक्षरशः हवं. गाण्याच्या गोंगाटातून एकेक शब्द वेचत मी ती दोन मिनिटं चाळीस वेळा तरी ऐकली असतील. आजी बहिणीला म्हणतात, "अगं, सगळे फार करतात माझं. दिवस कुठे जातो कळत नाही." त्यांच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. त्यात सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झालीत.

माझी आई मागच्या वर्षी पाच महिने माझ्याकडे होती. मी सातला लॅबमध्ये जात होते आणि साडेसहाला येत होते. फोनवर ती मामाला हेच सांगायची. मी शेजारच्या खोलीत असायची आणि मला बरं वाटायचं ऐकून.

गेल्या शनिवारी आमच्या बेसमेंटमधल्या कपड्यांच्या कपाटात मुद्रण केलं. स्टुडिओचं भाडं वाचलं, पण ते ३०० मुद्रण करणाऱ्या मुलाचे आणि मायक्रोफोनचे आहेत, ते लागलेच. कपाटाच्या भिंतींना आईने शिवलेल्या तीन गोधड्या आणि दोन रजया लावल्या. जुन्या लुगड्यांचे थर आवाज छान पितात, विकतच्या फोमपेक्षा कमी नाहीत. फ्रिजची घरघर येऊ नये म्हणून तो बंद केला आणि त्या मुलाने माझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. किल्ली घ्यायला गेलं की फ्रिज चालू करायची आठवण होते! ध्वनिमुद्रणवाल्यांची ही जुनी युक्ती म्हणे. आमच्या लॅबमध्ये इतकी अक्कल कोणी दाखवलेली नाही.

आजी खुर्चीवर बसल्या, कानाला हेडफोन, समोर पडदा. पहिले पाच-सहा प्रयत्न वाया गेले. शब्द बरोबर, पण वाचून दाखवल्यासारखे. घाम आला, पाणी झालं. मग त्या मुलीला काय सुचलं कोण जाणे, तिने पडदा बंद केला आणि साताऱ्याला खरोखरच फोन लावून दिला. तिथे रात्रीचे दहा. बहिणीला सगळं सांगून ठेवलेलं. आजी बोलत राहिल्या, मध्येच माझ्या चिठ्ठीतली वाक्यं आली, थोडी मागेपुढे. ओठ दोन ठिकाणी जुळत नाहीत. तिथे भाजीचा शॉट टाकते असं ती म्हणाली. गाण्याच्या जागी टेप नाही, आजी स्वतः एक ओवी गुणगुणतात. ती त्यांच्या आईची, जात्यावरची. तिच्यासाठी कोणाला पत्र लिहावं लागत नाही.

आता हिशेब. तिचे ४००, मंडळाचे ५००, मिसळीचे ७२२, तुमचे १,३८५, मिळून ३,००७. संगीत आपल्या हार्मोनियमच्या सरांनी पैसे न घेता करून द्यायचं कबूल केलंय, ते ६०० वाचले. फेस्टिव्हलं दहावरून चारवर आणली, २७० वाचले. म्हणजे लागणार ३,३३० आणि कमी पडतात ३२३. मिक्सिंगवाल्याने निम्मे पैसे आगाऊ घेऊन काम सुरू केलंय, बाकीचे दिले की प्रत मिळेल.

दिवाळीच्या कार्यक्रमात नाटकाच्या आधी लघुपट दाखवायचा असं ठरलंय. आजी पहिल्या रांगेत असतील. २,००० देऊ करणाऱ्या गृहस्थांनाही मी स्वतः फोन करून बोलावलंय, आणि ते येतो म्हणालेत. सिनेमाचं नाव अजून ठरलेलं नाही. सुचत असेल तर कळवा, पण 'आजी हरवली' नको, ते अकरा जणांनी सुचवून झालंय.

ज्यांना ३२३ मध्ये भर घालायची असेल त्यांनी चेक मंडळाच्या नावाने लिहावा, खाली मेमोमध्ये 'लघुपट' एवढंच लिहावं, आणि रविवारी शाळेच्या वेळात खजिनदारांकडे द्यावा. दहा डॉलरच्या पुढे नको. बत्तीस घरांनी दहा दिले की फक्त तीन डॉलर उरतात, ते मी घालते. गोळा झालेल्या आणि खर्च झालेल्या पै-पैचा हिशेब डिसेंबरच्या अंकात, प्रेशर कुकरच्या आधी.

आणि शनिवारी आमच्याकडे आलेल्यांपैकी कोणी डब्यातलं श्रीखंड नेलं असेल तर ते खाऊ नका. फ्रिज चालू करायचा राहिला होता. किल्ली मी घेतली, बटण विसरले.